खिडकीत ठेवलेली जर्नल

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं होतो असं सांगितलं की लोक जरा आदरानं बघतात. लॅब असिस्टंट होतो म्हटलं की तो आदर लगेच खाली उतरतो आणि पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे बाटल्या धुवायला का?" हो बाबा, बाटल्या धुवायला. तुमची डॉक्टर झालेली मुलगी आणि कंपनीत साहेब झालेला जावई, दोघांनी ज्या बाटलीतून ॲसिड ओतलं ती बाटली मीच धुतलेली. ती नीट धुतली नसती तर दोघांचेही प्रयोग चुकले असते आणि खापर पोरांवर फुटलं असतं. आमच्या कामाची ही गंमत आहे. बरोबर झालं तर कुणाला कळत नाही.

हा दिवाळी अंक काढणारा संपादक माझाच विद्यार्थी. "काका, तुमच्या आठवणी लिहा, मजेदार असतील," म्हणाला. मजेदार आहेतही. पण आता या वयात लिहायला बसलं की मजेदार गोष्टी मागे राहतात आणि जी सांगायची नव्हती तीच पुढे येऊन बसते. खरं सांगतो, मला कंटाळा आलाय ती सांभाळून. म्हणून ती देतो. दोन-चार गमती आधी सांगतो, नाहीतर संपादक रागवायचा.

मी मूळचा बोनकोड्याचा. आमची भातशेती होती. शहर आलं, शेती गेली आणि हातात प्रकल्पग्रस्ताचा दाखला आला. त्या दाखल्यावर मला वाशीच्या बाजूच्या एका कॉलेजात नोकरी लागली. मी बारावी सायन्स नापास, आणि नापास कशात, तर केमिस्ट्रीत. ज्या विषयानं मला घरी बसवलं त्यानंच पुढं माझं पोट भरलं. स्टाफरूममध्ये कुणी कुणी मागून म्हणायचे, "दाखल्यावर आलेला माणूस आहे, काय अपेक्षा ठेवायची." मला ऐकू यायचं. त्या एका वाक्यासाठी मी रात्रीचा दिवस करून काम शिकलो. आमच्या लॅबमधलं एकही द्रावण एका थेंबानं चुकायचं नाही.

वासाचं सांगतो. लॅबमध्ये एक गॅस बनवायला लागायचा, त्याला सडलेल्या अंड्यांचा वास. तो कपड्यात, केसांत मुरायचा. संध्याकाळी बसमध्ये मी बसलो की शेजारचा माणूस उठून उभा राहायचा. गर्दीतसुद्धा मला कायम बसायला जागा. बायको म्हणायची, "अंगनातच आंघोल करा, मंग घरात या." सवय होते. माणसाला कसलीही सवय होते.

आणि सॉल्टचं. परीक्षेत मुलांना एक पांढरी पूड देतात आणि त्यात काय आहे ते शोधायला सांगतात. त्याला सॉल्ट म्हणायचं. कुठल्या मुलाला कुठलं सॉल्ट मिळणार हे लॅब असिस्टंटला माहीत असतं. परीक्षेच्या हंगामात आमचा भाव काय वधारायचा म्हणता! ज्या पोरांनी वर्षभर ओळख दाखवली नाही ती येऊन "काका, तब्येत कशी?" विचारायची. एकाचे वडील मोरा बंदरातले कोळी. परीक्षेच्या आदल्या सकाळी टोपलीभर पापलेटं घेऊन आमच्या दारात उभे. इतकी ताजी पापलेटं मी लग्नातही बघितली नव्हती. आई माझ्या कानात म्हणाली, "सांगून टाक ना रं. मीठच तं हाय." मी पापलेटं परत पाठवली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण एकतीस वर्षांत मी कुणालाही सॉल्ट सांगितलं नाही. नजरेनंसुद्धा नाही.

एवढा मी प्रामाणिक. हे मुद्दाम आधी सांगितलं, कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

सुरतेला प्लेग आला त्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे टीवायला, म्हणजे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, एक मुलगी होती. योगिता बोरसे. माणसं मूळची खानदेशातली, पण वडील सुरतेला साडीच्या कारखान्यात, त्यामुळे घर तिथं. पोरीनं मराठी शिकावं म्हणून तिला मामाकडे ठेवलेली, कोपरखैरण्याला. मामाचा वन रूम किचनचा फ्लॅट आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. कॉलेजला जाता-येता दिसायची. उंच, काटकुळी आणि चालायची अशी की कुठंतरी आग विझवायला निघालीय.

तिच्या हाताबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे टायट्रेशन नावाचा प्रयोग असतो. वर उभी काचेची नळी, तिला खाली तोटी. तोटीतून एकेक थेंब खालच्या फ्लास्कमध्ये सोडायचा. खालचं पाण्यासारखं द्रावण एका थेंबाला फिकट गुलाबी होतं, तान्ह्या पोराच्या तळव्यासारखं. तिथं थांबायचं. एक थेंब जास्त पडला तर रंग गडद होतो आणि प्रयोग गेला. निम्मी पोरं तिथं घाबरतात आणि मला हाक मारतात, "काका, रंग आला का?" योगितानं दोन वर्षांत मला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. ती तोटी बंद करायची आणि आकडा लिहायची, दुसऱ्यांदा बघायचीसुद्धा नाही.

एकदा तर तिनं मलाच धरलं. भर लॅबमध्ये म्हणाली, "काका, आजचं सोल्यूशन चुकलंय. परत बनवा."

"एकवीस वर्षांची तू, मला शिकवतेस?" मी तापलो.

"तीनदा केलं काका. तिन्ही वेळा तेवढंच आलं. माझं चुकत नाहीये."

मी रागारागात जाऊन वजन बघितलं. चुकलं होतं. माझंच. अख्ख्या नोकरीतली ती एक चूक, आणि ती या पोरीनं पकडली. तेव्हापासून मला ती आवडायची आणि तिचा थोडा रागही यायचा, दोन्ही.

आता जर्नल म्हणजे काय ते सांगतो. केलेला प्रत्येक प्रयोग मुलं आधी रफ वहीत उतरवतात, मग जाड पुठ्ठ्याच्या जर्नलमध्ये नीट लिहितात, आणि प्रत्येक प्रयोगाखाली मॅडमची लाल सही लागते. वर्षाच्या शेवटी डिपार्टमेंटच्या हेडचं सर्टिफिकेट असलेली जर्नल हातात नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देत नाहीत. मग पोरगा कितीही हुशार असो. जर्नल नाही, तर वर्ष नाही. सगळी पोरं बॉलपेननं लिहायची. योगिता शाईच्या पेननं लिहायची, निळ्या शाईनं. वडिलांनी दहावीला दिलेला पेन. तिची जर्नल बघितली की छापलेली वाटायची.

त्या वर्षी ती गणपतीला सुरतेला गेली. अनंत चतुर्दशी करून परत आली आणि दोनच दिवसांत प्लेगची बातमी आली. मग काय झालं ते ज्यांनी बघितलं त्यांना आठवत असेल. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. मेडिकलवाल्यांकडे कॅप्सूल संपल्या. कुठं उंदीर मेलेला दिसला की अख्खी सोसायटी खाली. आमच्या कॉलेजनं आठवडाभर सुट्टी दिली.

कॉलेज उघडलं आणि योगिता आली. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता. डॉक्टरनं तपासून कॅप्सूलही दिल्या होत्या आणि ती मोजून घेत होती. पण ती सुरतेची. बस्स. ती बसली की बाकावरची मुलं उठून मागे जायची. "ए, सुरतवाली आली, खिडक्या उघडा." जी पोरं काल तिच्या वहीतून उतरवून घेत होती तीच ही पोरं. डबा ती जिन्यात एकटी खायची. मामाच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं सांगितलं, पोरीला गच्चीवर पाठवू नका, जिन्याच्या कठड्याला हात लावू देऊ नका. मामानं घाबरून तिची सुरतेहून आलेली बॅग गच्चीवर जाळली, कपड्यांसकट. त्या बॅगेत तिची रफ वही होती, प्रयोगांचे सगळे आकडे असलेली. घरात ताट वेगळं, पेला वेगळा. हे सगळं तिनं मला पुढं दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं. त्या वेळी मी विचारलं नव्हतं.

त्यावेळी मीही रुमाल बांधून चार हात लांब उभा राहत होतो. घरी माझी दोन वर्षांची मुलगी होती. मी घाबरलो होतो, त्यात खोटं काय सांगायचं.

मग जर्नल तपासायचा दिवस आला. मुलं एकेक करून टेबलावर ढीग लावत होती. योगिता आली तसे ढिगाजवळचे दोघं-तिघं मागे सरले. एक जण म्हणाला, "ए, वर ठेवू नको हां, आमच्या जर्नल्स आहेत." तिनं जर्नल उचलली, खिडकीपाशी गेली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, राहू दे म्हणून. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मान हलवली ती मीच.

हेड होत्या कर्णिक मॅडम. हुशार बाई, वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "म्हात्रे, त्या बोरसेची वेगळी ठेवा. मी शेवटी बघते." हात लावू नका असं काही म्हणाल्या नाहीत. पण त्या शेवटी बघणार म्हणजे माझ्या हातून त्यांच्या टेबलावर जाणार. खिडकीतून उचलायची मलाच.

घरी आईला सांगितलं. आईनं तिच्या आईकडून जुन्या प्लेगच्या गोष्टी ऐकलेल्या. कशी सगळी माणसं गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहिली, कसा घरोघरी कडुनिंबाचा धूर केला. म्हणाली, "गंधक जाल, बाला. गंधकाच्या धुरात कायपन ऱ्हात नाय."

गंधक! लॅबमध्ये बरणीभर होता. आणि धूर करायला हक्काची जागा होती, फ्यूम कबर्ड. म्हणजे पुढं काचेची सरकती झडप असलेलं मोठं कपाट, विषारी वाफांचे प्रयोग आत करायचे, वर वाफ ओढणारा पंखा. मला वाटलं, काय डोकं चाललंय माझं! दुपारी लॅब रिकामी झाल्यावर मी चिमट्यानं, हो, चिमट्यानं, ती जर्नल उचलली, कबर्डमधल्या स्टँडला उघडी टांगली, पानं सुटी राहावीत म्हणून मधे काचेच्या कांड्या घातल्या. खाली वाटीत मूठभर गंधक पेटवला. पंखा बंद केला, धूर बाहेर जायला नको म्हणून. झडप खाली ओढली आणि घरी गेलो. बरं वाटत होतं. पोरीचंही काम झालं आणि आपणही वाचलो.

सकाळी झडप वर केली. जर्नल खाली घेतली, उघडली.

पानं कोरी होती.

पुठ्ठ्यावरचं तिचं नाव छापील पट्टीवर बॉलपेननं होतं, ते होतं. पेन्सिलीच्या रेघा होत्या. आणि प्रत्येक पानाखाली मॅडमच्या लाल बॉलपेनच्या सह्या होत्या, ठसठशीत. मधला सगळा निळा मजकूर गेला होता. पावसाळा सरता सरता पानं दमट झालेली, त्यात रात्रभर धूर. शाई धुऊन निघाली होती. कोऱ्या पानांखाली सह्या, एकापाठोपाठ एक.

आता माझी अक्कल ऐका. गंधकाच्या धुरानं रंग उडतो हे मला माहीत नव्हतं का? दर वर्षी नव्या पोरांना तोच प्रयोग दाखवायला मी माझ्या अंगणातली जास्वंद घेऊन जायचो! लाल फूल त्या धुरात धरलं की पांढरं पडतं, पोरं टाळ्या वाजवतात. ते फूल किती वेळा मीच धरलेलं. पण भीती लागली की माणसाला स्वतःचंच येत असलेलं आठवत नाही. गंधक जाळताना मी लॅब असिस्टंट नव्हतो, बोनकोड्याच्या म्हातारीचा पोरगा होतो.

तेव्हाच मॅडमकडे जाऊन सांगायला हवं होतं. दहा मिनिटं शिव्या बसल्या असत्या. सह्या तर होत्याच, त्या बघून मॅडमनी नवी जर्नल मान्य केली असती. पण माझ्या डोक्यात दुसरंच वाक्य वाजत होतं. दाखल्यावर आलेला माणूस आहे, काय अपेक्षा ठेवायची. मी जर्नल वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ॲसिडच्या कपाटामागे घातली.

"म्हात्रे, बोरसेची जर्नल?" मॅडमनी विचारलं.

"आली नाही मॅडम."

तीन शब्द. इतके सहज आले की माझं मलाच नवल वाटलं.

मॅडमनी तिला बोलावून घेतलं. मी दारात उभा. ती म्हणाली, "मॅडम, मी दिली होती." पहिल्यांदा ठाम म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "म्हात्रे म्हणतात आली नाही. म्हात्र्यांच्या लॅबमधून कधी चिठोरं हरवलेलं नाही." तिनं माझ्याकडे बघितलं.

"काका, मी खिडकीत ठेवली होती ना? तुम्ही बघितलं होतं."

मी म्हणालो, "बघ बाई, नीट आठव."

आठव. मी तिला आठवायला सांगितलं. दुसरी कुठलीही वेळ असती तर ती भांडली असती, मला तीनदा केलंय म्हणून सांगितलं असतं. पण त्या महिन्याभरात तिला जो तो सांगत होता की तुझ्यात काहीतरी आहे जे तुला दिसत नाही, आम्हाला दिसतं. ती तिथंच उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "मी ठेवली होती," म्हणाली. मग म्हणाली, "बहुतेक." मग थोड्या वेळानं, "की घरीच राहिली? माझं हल्ली लक्ष नसतं मॅडम."

मॅडमना दया आली. रफ वही जळालेली, म्हणजे आकडेही नाहीत. त्या म्हणाल्या, दिवाळीच्या सुट्टीत सगळे प्रयोग परत कर, नवी जर्नल लिही. पण लॅब कोण उघडणार?

"मी येईन मॅडम," मी म्हणालो.

"म्हात्रे, तुम्ही म्हणजे ना, देवमाणूस आहात."

मी सुट्टीभर गेलो. नरकचतुर्दशीची आंघोळ करून गेलो, भाऊबीज सोडली तर रोज गेलो. बायको म्हणाली, "ती पोरगी तुमची कोन लागते?" मी चपला घातल्या आणि निघालो. नवं द्रावण, स्वच्छ काच, सगळं तिच्यापुढे मांडून ठेवायचो. अकरा वाजता बर्नरवर चहा करायचो, धुतलेल्या बीकरमध्ये. लॅबमधला चहा बीकरमध्येच होतो. घरून करंज्या न्यायचो. ती चहा दोन्ही हातांत धरून प्यायची आणि मामाकडचं, सुरतेचं सगळं सांगायची. एक दिवस म्हणाली, "बरं झालं काका, जर्नल मी सुरतेला नेली नव्हती, मामांकडेच होती. नाहीतर बॅगेबरोबर तीही जळाली असती." मग स्वतःच हसली. "पण वाचून काय उपयोग झाला? मीच कुठंतरी टाकली."

म्हणजे ज्या जर्नलला मी चिमट्यानं उचललं ती सुरतेला गेलीच नव्हती. माझ्या हातातला चहा तिथंच थांबला. त्या दिवशी सांगायला हवं होतं. त्याही दिवशी नाही सांगितलं.

आणि तिचा हात गेला. कसा सांगू? पहिल्याच टायट्रेशनला तिनं तोटी धरली, थेंब पडू लागले, गुलाबी आला आणि तिनं मान वर केली.

"काका, रंग आला का?"

"आला की! बंद कर, बंद कर!"

तोवर एक थेंब जास्त गेला होता. मग प्रत्येक वेळी तेच. डोळ्यांसमोर रंग असायचा आणि ती माझ्याकडे बघायची. मी सांगायचो. मला वाटायचं, मदत करतोय. अख्ख्या सुट्टीत मी तिला रंग सांगत राहिलो. तिची जर्नल पूर्ण झाली, बॉलपेननं लिहिलेली. मॅडमनी सह्या केल्या, सर्टिफिकेट दिलं. सगळे खूश. मी मनाला म्हटलं, झालं, मिटलं.

मार्चमध्ये परीक्षा. परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येतात, एक्स्टर्नल. आमच्यासारख्यांनी मुलांशी एक शब्द बोलायचा नाही असा नियम. योगिताचा नंबर माझ्या काउंटरसमोरच आला. ब्युरेट, म्हणजे ती काचेची नळी, भरली, तोटी उघडली. थेंब पडू लागले. आणि तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

तोंडानं काही विचारलं नाही. पण प्रश्न मला ऐकू आला. रंग आला होता, फिकट गुलाबी, लांबून मला दिसत होता. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. एक्स्टर्नल दुसऱ्या टोकाला होते. पण मी कधी कुणाला सॉल्ट न सांगणारा माणूस ना! मी तोंड फिरवलं आणि फडक्यानं एक बाटली पुसत बसलो. आधीच पुसलेली. परत बघितलं तेव्हा फ्लास्कमध्ये राणी रंग झाला होता. तिनं ओतून दिलं, पुन्हा भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फ्लास्क नळीवर आपटल्याचा आवाज येत होता. एक्स्टर्नल आले, बघितलं आणि वहीत काहीतरी लिहून पुढं गेले.

खोटं बोलायचं तिथं मी बोललो, आणि मान हलवायची तिथं नियम पाळला. उलटं केलं असतं तर पोरगी तरली असती.

सेकंड क्लास आला. पहिल्या वर्गाची, एमएस्सी करणार म्हणून सगळे धरून चाललेली मुलगी. पुढं तिला तळोज्याच्या बाजूला केमिकलच्या कारखान्यात नोकरी लागली, नावड्याला खोली घेऊन राहते, असं कुणीतरी म्हणालं. नावडं काही लांब नाही. मी कधी गेलो नाही. त्यानंतरच्या प्रत्येक बॅचमध्ये पोरं मला विचारत राहिली, "काका, रंग आला का?" मी म्हणायचो, "मला काय विचारतोस? तुला डोळे नाहीत? तू सांग." पोरांना वाटायचं, म्हातारा खडूस आहे. वाटू दे.

एक दिवस सांगायचा राहिला. तो उगीच शेवटी ठेवलेला नाही. सांगवत नव्हता म्हणून मागे पडला.

निकालानंतर पंधरा दिवसांनी ती कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आली. त्या फॉर्मवर लॅबचीही सही लागते. 'काही बाकी नाही' असं लिहून मी खाली सही करायची. लॅबमध्ये आम्ही दोघंच. तिनं फॉर्म टेबलावर ठेवला. शेकडो फॉर्मवर ते तीन शब्द मी न बघता लिहिलेत. त्या दिवशी पेन टेकवला आणि लिहवेना.

मी उठलो, ॲसिडच्या कपाटामागून ते पुडकं काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. सगळं सांगितलं. गंधक, चिमटा, खिडकी, सगळं. मान खाली घालूनच सांगितलं.

तिनं वर्तमानपत्र सोडलं. जर्नल उघडली. पुस्तकात लिहिलेलं आहे की गंधकाच्या धुरानं गेलेला रंग हवेनं थोडाफार परत येतो. आला होता. सगळीकडे नाही, पानांच्या कडांना, कुठं कुठं अर्धी ओळ, फिकट निळी. ती पान उजेडाकडे तिरपं धरून आपलंच अक्षर वाचत होती. बराच वेळ वाचत होती.

"म्हणजे मी दिली होती," ती म्हणाली.

"हो गं."

"मी विसरले नव्हते."

"नाही. तू नाही विसरलीस."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "काका, मला वाटत होतं मला वेड लागतंय. रात्र रात्र मी ती जर्नल कुठं टाकली ते आठवत बसायचे. आणि तुम्ही मला रोज चहा देत होता."

माफ कर म्हणालो. कुठल्या तोंडानं म्हणालो देव जाणे. तिनं फॉर्म माझ्याकडे सरकवला. "सही करा. मामा खाली थांबलेत."

मी लिहिलं, काही बाकी नाही. सही केली. तिनं फॉर्म घडी करून पर्समध्ये घातला. मला वाटलं, जर्नल घेऊन जाईल. नाही नेली. ती उचलून खिडकीपाशी गेली आणि कट्ट्यावर ठेवली. बरोबर त्याच जागी, त्याच कोपऱ्यात, पुठ्ठा भिंतीला लावून.

"इथं ठेवली होती मी," ती म्हणाली. "बघितलंत?"

"बघितलं," मी म्हणालो.